धुरावाचून अग्नी

साहित्याच्या अभ्यासकाचे आयुष्य वाचण्यात जाते. शब्दामागचा अर्थ आणि अर्थामागचा भाव शोधण्याची सवय त्याला इतकी जडते की, आपल्याला माणसेही वाचता येतात अशी त्याची समजूत होऊन बसते. माझी तशी समजूत होती. जबलपूरच्या आमच्या जुन्या घरात, माझ्या थोरल्या बंधूंसमोर, ती खोटी ठरली. तेव्हापासून एक प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे. ज्याचे शरीर त्याच्या मनाची साक्ष देईनासे झाले आहे, अशा माणसाशी आपण कशाच्या आधारावर वागावे? कंपवाताच्या, म्हणजे आधुनिक वैद्यक ज्याला पार्किन्सनचा आजार म्हणते त्या व्याधीच्या, निमित्ताने हा प्रश्न माझ्यापुढे आला. परंतु तो केवळ वैद्यकाचा नाही. तो नीतीचा आहे आणि आपल्या काव्यशास्त्राचाही आहे, असे मला वाटते.

दादा गन कॅरेज फॅक्टरीत हिशेबाच्या खात्यात नोकरीला होते. पण शहरातील मराठी मंडळींत त्यांची ओळख होती ती गणेशोत्सवातील नट म्हणून. नर्मदेकाठच्या या हिंदी शहरात आमचे मराठी नाटक वर्षातून एकदा उभे राहत असे, आणि त्या एका रात्रीची तयारी दादा वर्षभर मनात करीत असत. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. त्यांचे सामर्थ्य चेहऱ्यात होते. संवाद दुसऱ्याचा चालू असला तरी प्रेक्षक तो ऐकणाऱ्या दादांकडे पाहत.

साठी उलटल्यावर प्रथम त्यांचा वास गेला. फोडणी करपली तरी त्यांना कळेना. पुढे झोपेत हातवारे सुरू झाले. मध्यरात्री ते ओरडून उठत. ‘जुन्या नाटकाची तालीम चालली आहे,’ असे घरात थट्टेने म्हटले जाई. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी हलू लागली, तेव्हा कोठे डॉक्टरांकडे जाणे झाले. घ्राणशक्ती मंदावणे, बद्धकोष्ठ होणे, स्वप्नातील क्रिया प्रत्यक्ष देहाने करणे ही चिन्हे कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात, हे आज मला ठाऊक आहे. म्हणजे संहिता आमच्यासमोर उघडी होती. वाचणारा कोणी नव्हता.

मग चेहरा गेला. तो विद्रूप झाला नाही, फक्त थांबला. पापण्या क्वचित लवत, गाल हलत नसत, नजर एका जागी राही. शेजारी म्हणू लागले, “भाईसाहब आजकल नाराज़ रहते हैं।” माझ्या मुलीच्या लग्नात ते पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या मुद्रेकडे पाहून व्याह्यांनी मला बाजूला घेतले आणि काही चुकले का, असे विचारले. मी हसून वेळ मारून नेली. पण काहीतरी मलाही टोचले होते.

पुढे नाट्यशास्त्रातील अभिनयविचारावर मी एक दीर्घ लेख लिहिला. दादा नट, म्हणून तो प्रथम त्यांना वाचून दाखवावा असे ठरवून एका संध्याकाळी गेलो. तासभर वाचले. मान हलली नाही, भुवई उचलली गेली नाही, हुंकारही आला नाही. वाचून संपल्यावर मी थांबलो. त्यांचे ओठ किंचित हलल्यासारखे वाटले. मी दोन-तीन क्षण वाट पाहिली असेन, नसेन. “थकला असाल, येतो,” असे म्हणून उठलो. टंकलिखित प्रत तेथेच राहिली. आपला लेख दादांना कंटाळवाणा वाटला, आणि तसे सांगण्याचे सौजन्यही त्यांनी दाखवले नाही, असा अर्थ मी त्या मुद्रेतून काढला. पुढचे चार महिने त्या घराची पायरी मी चढलो नाही. अंतर होते फक्त दीड मैलाचे.

या व्याधीचे पहिले सुसूत्र वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका लहानशा निबंधात केले. त्यांच्यापुढे अवघी सहा माणसे होती. त्यांतील काही त्यांना रस्त्यात भेटली होती आणि एकाला तर त्यांनी दुरूनच पाहिले होते. केवळ चालणे, वाकणे आणि थरथरणे पाहून एका वैद्याने एक आजार वाचला. याच शतकाच्या उत्तरार्धात शार्को या फ्रेंच वैद्याने त्याला पार्किन्सन यांचे नाव दिले. कारण मात्र पुष्कळ उशिरा उमगले. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागातील पेशी हळूहळू नष्ट होतात आणि त्या तयार करीत असलेले डोपामिन हे द्रव्य कमी पडते. पहिला कंप दिसतो तेव्हा या पेशींचा मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो. ज्या हालचाली आपण मनात न आणता करतो, म्हणजे चालताना हात हलवणे, पापणी लववणे, हसू आल्यावर हसणे, त्या या उणिवेने प्रथम मंदावतात. हाताची थरथर सर्वांना दिसते. काहींना ती होतही नाही. खरी हानी या सहजतेची असते.

डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही; त्याचे पूर्वरूप असलेले लेवोडोपा शिरू शकते. १९६७ साली कोत्झियास यांनी अमेरिकेत हे द्रव्य क्रमाक्रमाने वाढवत मोठ्या मात्रेत दिले आणि खिळलेली माणसे हिंडूफिरू लागली. आजही उपचाराचा मुख्य आधार तोच आहे. आमच्या नर्मदेच्या खोऱ्यात ‘केवाँच’ आणि मराठीत ‘खाजकुहिली’ म्हणतात त्या वेलीच्या बियांत हे द्रव्य असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली मद्रासमध्ये ते त्या बियांतून वेगळे केले होते. आयुर्वेदात कपिकच्छू या नावाने ही वनस्पती जुनीच परिचित आहे. परंतु बियांतील प्रमाण सारखे नसते, म्हणून मनाने ती घेणे धोक्याचे. शिवाय कोणतेही औषध नष्ट झालेल्या पेशी परत आणत नाही. काही वर्षांनी गोळीचा अंमल तुटक होतो. माणूस काही तास मोकळा असतो, काही तास बांधलेला. कित्येकदा अंगाला जे हेलकावे बसताना दिसतात ते आजाराचे नसून औषधाचे असतात. म्हणजे येथे चिन्ह फसवते, आणि कोणत्या कारणाने फसवते तेही वेळेवेळेला बदलते.

येथे मला माझ्याच लेखाकडे वळावे लागते. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मन एकाग्र झाल्यावाचून हे प्रकट होत नाहीत, म्हणून अभिनयात त्यांचे मोल विशेष. हात हलवता येतो, कंप आणता येत नाही. तो यावा लागतो. त्या संध्याकाळी मी दादांना हेच वाचून दाखवत होतो, आणि समोर बसलेल्या माणसाच्या देहात या आठांपैकी चार वस्तीला आले होते. पावलांना स्तंभ, हाताला वेपथू, वाणीला स्वरभेद आणि अवेळी सुटणारा स्वेद. फरक एवढाच की त्यांच्यामागे भय नव्हते, रती नव्हती, शोक नव्हता. भावाची राजमुद्रा उमटत होती, पण ती उमटवणारा भाव नव्हता. याउलट जेथे भाव होता, लेकीसारख्या पुतणीच्या लग्नाचा आनंद होता, तेथे मुद्रा कोरी होती.

शंकुकाने रसाची उपपत्ती अनुमानावर उभारली. अनुभावांवरून प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो, जसे धुरावरून अग्नीचे. व्यवहारात आपण सगळे शंकुकाचेच शिष्य असतो. हसू दिसले की आनंद, कपाळाला आठी दिसली की राग. पण याच अनुमानाच्या मर्यादा नैयायिकांनी फार काटेकोरपणे आखून ठेवल्या आहेत. धूर असेल तेथे अग्नी असतो, हे खरे. अग्नी असेल तेथे धूर असलाच पाहिजे, हे मात्र खरे नाही. त्यासाठी ते तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर दिसत नाही म्हणून जो त्या गोळ्याला थंड समजेल, त्याचा हात पोळेल. तर्काची ही पहिल्या इयत्तेतील चूक मी चार महिने करीत होतो. मुद्रेवर काही नाही, म्हणून आत काही नाही. आणि असलेच तर ते माझ्याविरुद्ध आहे!

ही चूक व्यक्तीपुरती राहत नाही. ती समाजही करतो. चेहरा, आवाज आणि हातवारे यांवर ज्यांनी एकट्याने एक अख्खी चाळ रंगमंचावर वसवली, त्या पु. ल. देशपांडे यांना अखेरच्या वर्षांत याच व्याधीने गाठले. त्यांना पाहून आलेले लोक ‘आता पूर्वीचे पु. ल. राहिले नाहीत’ असे हळहळत सांगत. परंतु १९९६ साली महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या निमित्ताने त्यांनी लोकशाहीत शिरलेल्या ठोकशाहीच्या भाषेबद्दल खंत व्यक्त केली, आणि ती सत्ताधाऱ्यांना इतकी झोंबली की त्यांच्यावर जाहीर टीका झाली. देह थकला होता, विवेक नव्हता. १२ जून २००० रोजी पुण्यात ते निवर्तले. त्याच १९९६ सालच्या जुलैत अटलांटा येथे ऑलिंपिकची ज्योत पेटवताना मुहम्मद अली यांचा हात थरथरताना जगाने पाहिला. कोणाला त्यात एका महान खेळाडूचा ऱ्हास दिसला, कोणाला धैर्य दिसले. हात एकच होता. वाचन प्रत्येकाने आपापले केले.

येथवर आलेला वाचक म्हणेल, मग उत्तर सोपे आहे. बाहेरचा मुखवटा खोटा, आतला माणूस खरा आणि अभंग. मुखवट्याकडे दुर्लक्ष करावे, म्हणजे झाले. काही काळ मीही या उत्तरावर विसावलो होतो. जेम्स पार्किन्सन यांचाही असाच अभिप्राय होता की, या व्याधीत बुद्धी व संवेदना अबाधित राहतात. दोनशे वर्षांनंतर आपल्याला तसे म्हणता येत नाही. खिन्नता आणि निरिच्छता ही पुष्कळदा आजाराला मनाने दिलेली प्रतिक्रिया नसते. ती आजाराचाच भाग असते. दीर्घकाळानंतर अनेकांची स्मृती आणि विचारशक्ती ढळते. नसलेली माणसे दिसू लागतात. डोपामिनचे काम करणाऱ्या काही औषधांनी एखाद्या निर्व्यसनी गृहस्थाला जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते, आणि मात्रा कमी केली की ती ओसरते. तेव्हा संयम हा त्या गृहस्थाचा गुण होता, की त्याच्या मेंदूतील एका द्रव्याचे प्रमाण? आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्याची मुळे इतकी देहात रुजलेली असतील, तर ‘आतला अभंग माणूस’ ही कल्पना आपल्या सोयीची ठरते, सत्याची नव्हे.

मग नीतीला आधार कोणता? मला वाटते, येथेच आपली वाट चुकते. आत काय आहे हे निश्चित झाल्यावर आदर द्यायचा, असा सौदा आपण निरोग्यांशीही करीत नाही. समोरच्या धडधाकट माणसाचे मनही आपल्याला दिसत नाही. तेथे अनुमान सहज जमते, म्हणून ते अनुमान आहे याचा विसर पडतो, इतकेच. कंपवात हा विसर मोडून टाकतो. आदर हा निष्कर्ष नसून वाचनाची पूर्वअट आहे. एखाद्या दुर्बोध कवितेपुढे आपण असेच बसतो. अर्थ सिद्ध झाल्यावर नव्हे, तर अर्थ असू शकेल या विश्वासावर. तो विश्वास काही वेळा फोल ठरतो. पण तो न ठेवणारा वाचक कधीच काही वाचू शकत नाही.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली. त्यांतील एक नटाचे नाही, प्रेक्षकाचे आहे : स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे. दादांसमोर बसलेला मी प्रेक्षक नव्हतोच. मी दाद मागायला आलेला लेखक होतो. माझा दुखावलेला अभिमान हेच ते विघ्न. सहृदयता म्हणजे कोमल अंतःकरण, असा सैल अर्थ आपण करतो. ती एक शिस्त आहे, आणि तिला ज्ञानाची जोड लागते, हे मला वहिनींनी शिकवले. चार महिन्यांनी मी गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही त्या दिवशी साडेसहाला आलात. त्यांची गोळी सातची. गोळी घेऊन पाऊण तास झाला की मग त्यांच्याशी बोलत चला. आणि विचारल्यावर मनात वीसपर्यंत मोजा. उत्तर येतं.”

वीसपर्यंत मोजणे! नीतिशास्त्राचे ग्रंथ चाळूनही याहून नेमके सूत्र मला मिळाले नसते. करुणा वेळेच्या मापाने द्यावी लागते. गोळी मिनिटांच्या हिशेबाने देणे. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात म्हणून जेवणाची वेळ सांभाळणे. उंबरठ्यावर पाऊल खिळले तर हाताला ओढू नये हे कळणे. जमिनीवर आडवी रेघ दिसली किंवा ठेका मिळाला तर तेच पाऊल उचलते, याची माहिती असणे. आमच्या बैठकीपासून न्हाणीघरापर्यंत वहिनींनी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या आकल्पक तरुणीने आपल्या काकांविषयी असेच सांगितले आहे. त्यांना सपाट जमिनीवर चालवत नसे, जिना मात्र सहज उतरता येई; म्हणून तिने जमिनीवर पायऱ्यांचे चित्र अंथरले आणि ते चालू लागले. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवले. सहजतेचा रस्ता बंद झाला तर जाणीवपूर्वक कृतीचा दुसरा रस्ता उघडता येतो, हे यामागचे तत्त्व. निवडक रुग्णांसाठी मेंदूत विद्युत्‌तारा बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे; पण रोजचा व्यायाम, आवाजाचा सराव आणि वेळेवरचे औषध यांना पर्याय नाही.

तरीही वहिनींना देवी करून मी मोकळा होणार नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, “परवा रात्री चौथ्यांदा उठावं लागलं, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.” वीसपर्यंत मोजणाऱ्यालाही देह असतो, आणि कोऱ्या चेहऱ्यापुढे रोज अर्थाचा विश्वास धरून बसणे हे एकट्याचे काम नाही. म्हणूनच डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था किंवा पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांचे महत्त्व मी औषधाइतकेच मानतो. तेथे रुग्णांबरोबर त्यांची माणसेही येतात. एका घराला न पेलणारे वाचन तेथे अनेकजण मिळून करतात. आमच्या वहिनींना असा आधार घराजवळ मिळाला नाही. आणि जो दीर दीड मैलावर होता तो रुसून बसला होता.

त्या दिवशी वहिनींनी माझ्या लेखाची प्रत परत दिली. शेवटच्या पानाच्या पाठीमागे पेन्सिलीने काही लिहिलेले होते. पहिले अक्षर वाचता येण्याजोगे, पुढचे त्याहून लहान, आणि ओळीच्या अखेरीस मुंगीच्या पायाएवढे. या आजारात अक्षर असे आक्रसत जाते. भिंगाखाली धरून मी ते वाचले : ‘लेख आवडला. पण यात नट आहे, प्रेक्षक नाही. तो काय करतो ते लिही.’ खाली तारीख होती. मी उठून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या तीन वाक्यांसाठी दादांना दुपारभर बसावे लागले होते, असे वहिनी म्हणाल्या.

दादा त्यानंतर सहा वर्षे होते. अखेरच्या दोन वर्षांत त्यांची स्मृतीही ढळली, आणि मी मोजलेल्या विसाच्या पुढे पुष्कळदा काहीच आले नाही. मी मोजत राहिलो. कधी आत अग्नी असेल, कधी नसेल. लोखंडाकडे नुसते पाहून ते ठरवण्याचा अधिकार मी गमावला होता. मूळ लेख पुढे छापला गेला, पण दादांनी मागितलेला भाग त्यात घालणे मला जमले नाही. तो भाग हा आहे.